चिमणीमागची भिंत

प्रवासाला निघालेला पक्षीनिरीक्षक सहसा आपल्या यादीत नसलेल्या पक्ष्यांच्या शोधात असतो. त्यासाठी तो पहाटे उठतो, वाटाड्या ठरवतो, दलदल तुडवतो आणि एखादा दुर्मीळ पक्षी क्षणभर दिसला तरी दिवस सार्थकी लागला असे मानतो. या सगळ्या खटाटोपात रेल्वेच्या फलाटावर, विमानतळाच्या छताखाली किंवा उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीवर बसलेली चिमणी त्याच्या हिशेबातही नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आम्हा पक्षीनिरीक्षकांना जितकी लागू पडते, तितकी क्वचितच कोणाला पडत असेल. मी मात्र गेली बरीच वर्षे प्रवासात मुख्यतः चिमण्याच पाहतो आणि त्यांचीच छायाचित्रे काढतो. हे ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे सौजन्यपूर्ण आश्चर्य उमटते, त्याचीही आता सवय झाली आहे.

या छंदाची पहिली सोय अशी की त्यासाठी प्रवासाची आखणी बदलावी लागत नाही. गाडी सुटायला तास-दीड तास आहे, सोबतचे लोक खरेदीला गेले आहेत, पाऊस थांबायची वाट पाहत आडोशाला उभे आहोत, असे जे रिकामे वेळ प्रत्येक प्रवासात पदरी पडतात, ते चिमणीसाठी पुरेसे असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चिमणी सगळीकडे सारखीच, तिच्यात पाहण्यासारखे काय, असे म्हणणाऱ्याने दोन देशांतल्या चिमण्या शेजारीशेजारी ठेवून पाहिलेल्या नसतात. चिमण्यांच्या पॅसर या गटात जगभर सुमारे २८ जाती आहेत आणि त्यांपैकी अनेक जाती माणसांच्या वस्तीत किंवा वस्तीच्या कडेला राहतात. कोणत्या गावात कोणती चिमणी राहते आणि ती माणसाच्या किती जवळ येते, यावरून त्या गावाविषयी आणि त्या चिमणीविषयीही बरेच काही कळते.

अनोळखी शहरात उतरल्यावर मी आधी चिमणीचा गाल पाहतो. आपल्या ओळखीच्या घरचिमणीच्या नराचे डोके वरून राखाडी असते, डोळ्यापासून मानेपर्यंत तपकिरी पट्टा उतरतो आणि गाल मळकट पांढरा, कोणतीही खूण नसलेला असतो. ट्री स्पॅरो या जातीचे डोके मात्र संपूर्ण तपकिरी, गाल स्वच्छ पांढरा आणि त्या गालाच्या मधोमध एक ठसठशीत काळा ठिपका. शिवाय या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. त्यामुळे घरचिमणीची सवय असलेला प्रवासी टोकियोत किंवा हनोईत उतरला की त्याला तासभर तरी असेच वाटत राहते की येथे सगळे चिमणेच आहेत, चिमण्या गेल्या कुठे? जपान, चीनचा मोठा भाग, व्हिएतनाम, सिंगापूर या पट्ट्यात शहरातली चिमणी म्हणजे प्रामुख्याने ट्री स्पॅरोच. वळचणीत घरटे करणारी, खाऊच्या कणांसाठी पायांत घुटमळणारी, विजेच्या खांबावरच्या पोकळ नळीत पिल्ले वाढवणारी तीच.

गंमत अशी की हीच ट्री स्पॅरो पश्चिम युरोपात गावकुसाबाहेर राहते. तेथे ती शेताच्या कडेला, जुन्या झाडांच्या ढोलीत दिसते आणि माणसापासून जरा अंतर राखून असते, कारण शहरातल्या जागा घरचिमणीने आधीच बळकावल्या आहेत. म्हणजे शहरी किंवा रानटी हा तिचा पक्का स्वभाव नाही. शेजारी कोण आहे यावर ते ठरते. पुस्तकात हे एका ओळीत वाचलेले असते. पण ज्या पक्ष्याला एका देशात आपण हातभर अंतरावरून टिपले, तोच पक्षी दुसऱ्या देशात पन्नास पावलांवरून उडून जातो तेव्हा त्या ओळीचा अर्थ कळतो. चीनमध्ये १९५८ साली ‘चार उपद्रवी’ जिवांविरुद्ध जी मोहीम निघाली, तिच्यात लोकांनी थाळ्या-डबे बडवून, खाली बसू न देऊन ज्या चिमण्या दमवून मारल्या, त्या मुख्यतः याच काळ्या ठिपक्याच्या होत्या. पिकांवरच्या किडी वाढल्यावर १९६० मध्ये त्या यादीतून चिमणीला वगळून तिच्या जागी ढेकूण आला. तिकडच्या शहरांत चिमणीचे छायाचित्र काढताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

हिमालयाच्या मधल्या उंचीवर गेले की तिसरीच चिमणी भेटते. रसेट स्पॅरोच्या नराची पाठ आणि डोके असे काही तांबूस-दालचिनी रंगाचे असते की उन्हात तो चिमणा आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. हिमालयातल्या पक्ष्यांच्या पोटावर पिवळसर झाकही असते. गालावर ठिपका नसतो. या जातीची मादी मला नरापेक्षा अधिक आवडते. तिच्या डोळ्यावरून जाणारी रुंद, फिकट भुवई इतकी ठळक असते की तिचे छायाचित्र पाहणाऱ्याला हा वेगळा पक्षी आहे हे सांगावे लागत नाही. ही चिमणी मुळात डोंगरातल्या विरळ जंगलांची आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांची आहे. परंतु घरचिमणी जेथे पोहोचलेली नाही, अशा डोंगरी गावांत ती बेधडक छपराखाली शिरते.

इटलीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. आल्प्सच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना अरुंद पट्ट्यात चिमण्यांचे रूप बदलते. राखाडी डोके जाऊन तपकिरी डोके येते आणि गाल पांढरेशुभ्र होतात, पण ट्री स्पॅरोचा ठिपका त्यांवर नसतो. ही इटालियन स्पॅरो. घरचिमणी आणि स्पॅनिश स्पॅरो यांच्या संकरातून ती जात निर्माण झाली, हे २०११ साली जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. संकरातून नवी जात तयार होणे पक्ष्यांमध्ये फार विरळा आहे. सार्डिनिया बेटावर गेले तर पुन्हा निराळे: तेथे खुद्द स्पॅनिश स्पॅरो राहते. तिच्या नराच्या छातीवरचा काळा रंग खाली पसरून कुशीवर जाड काळ्या रेघांत विरत जातो. हीच स्पॅनिश स्पॅरो स्पेनमध्ये पांढऱ्या करकोच्याच्या भल्यामोठ्या घरट्याच्या तळाशी, काटक्यांच्या सांदीत आपले घरटे घालते. करकोच्याचे छायाचित्र घ्यायला जमलेले लोक वर पाहत असतात आणि खालच्या मजल्यावर चाललेली धावपळ त्यांच्या चौकटीत असूनही त्यांना दिसत नाही.

जाती ओळखण्याचा हा खेळ मनोरंजक आहे. परंतु केवळ जातींची यादी वाढवायची असेल तर छायाचित्र काढण्याची गरज नाही, दुर्बीण पुरे. कॅमेरा चिमणीच्या अंगावरचे ऋतू दाखवतो. घरचिमणीचा नर वर्षातून एकदा, वीण संपल्यानंतर, सगळी पिसे बदलतो. नव्या पिसांत त्याच्या गळ्याचा काळा डाग जवळजवळ झाकलेला असतो, कारण प्रत्येक काळ्या पिसाच्या टोकाला फिकट राखाडी कड असते आणि त्या कडा एकमेकींवर येऊन काळेपणा लपवतात. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि नव्या कापडाची खळ धुऊन जाऊन मूळ रंग वर यावा तसा विणीच्या हंगामापर्यंत काळा गळा आपोआप उघडा पडतो. म्हणजे वसंतात हा पक्षी नटतो ते नवे पीस न उगवता. याच काळात त्याची चोचही हिवाळ्यातल्या पिवळट-तपकिरी रंगाची काळीभोर होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तर त्या राखाडी कडांची खवल्यांसारखी नक्षी एकेक करून मोजता येते. हिवाळ्याच्या शेवटी काढलेल्या छायाचित्रात काही कडा शिल्लक आणि काही गळून गेलेल्या, अशी मधली अवस्था सापडते. मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच अवस्था.

या काळ्या डागाविषयी एक सिद्धान्त बराच काळ पाठ्यपुस्तकांत होता. डाग जितका मोठा, तितका तो नर थव्यात वरचढ. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून केलेल्या विश्लेषणाने या सिद्धान्ताचा आधार बराच डळमळीत केला. ते वाचल्यापासून भांडणाऱ्या दोन चिमण्यांपैकी जिंकणार कोण, याचा अंदाज डाग पाहून बांधायचा मोह मी आवरतो. अर्थात भांडण टिपायचे असेल तर अंदाज बांधायला सवडही मिळत नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. चिमणी साधारण १६ सेंटिमीटर लांबीची आणि जेमतेम २४ ते ४० ग्रॅम वजनाची. तिचा चेहरा भरून घ्यायचा तर लांब पल्ल्याची लेन्स हवी, हे खरे. पण लांब लेन्सबरोबर एक अडचण येते, जिची कल्पना नवशिक्याला नसते. ४०० मिलिमीटरची लेन्स, लेन्सचे एफ ५.६ चे छिद्र (आकडा वाढला की छिद्र लहान होते) आणि पाच मीटरवर बसलेली चिमणी, असे गणित मांडले तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी पट्टी सुमारे पाच सेंटिमीटर खोल असते. चिमणी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली असेल तर तिचा डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर, हे ठरलेलेच. म्हणून ती आडवी बसेपर्यंत थांबावे, किंवा एफ ८ वर जाऊन उजेडाची किंमत मोजावी. फोकस डोळ्यावर असावा आणि डोळ्यात प्रकाशाचा ठिपका यावा, कारण तो नसेल तर चिमणीचा गडद डोळा नराच्या डोळ्याभोवतीच्या काळ्या पट्टीत बुडून जातो आणि चित्र आंधळे दिसते. उडताना ती सेकंदाला साधारण पंधरा वेळा पंख मारते. बसलेल्या पक्ष्याला शटरचा १/५०० सेकंद पुरतो, उडणाऱ्याला १/२००० लागतो, आणि तरीही पंखाचे टोक पुसट येते. ते पुसट टोक मला खटकत नाही. उलट पंखांची एकूण एक पिसे गोठलेली असली की पक्षी हवेत टांगून ठेवल्यासारखा दिसतो.

नराचा काळा गळा आणि पांढरा गाल एकाच उन्हात टिपणे ही खरी परीक्षा. कॅमेरा काळ्याकडे पाहून चित्र उजळवू लागला की गाल पांढराफटक पडतो आणि त्यातला पिसांचा पोत कायमचा जातो. गळ्यातला तपशील नंतर थोडाफार उकलता येतो, गालातला येत नाही. म्हणून मी गालाला सांभाळून उजेडाची मोजणी थोडी कमी ठेवतो. दुपारचे ऊन टाळावे हा सल्ला सगळेच देतात. चिमणीच्या बाबतीत त्याला एक अपवाद आहे, तो म्हणजे धूलिस्नान.

धूलिस्नान पाहायला मिळाले तर बाकीची सगळी कामे बाजूला ठेवावीत. कोरडी, भुसभुशीत माती असलेली जागा थव्याला ठाऊक असते. तेथे वाडग्याएवढे लहान-लहान खळगे पडलेले असतात आणि प्रत्येक चिमणी आपल्या खळग्यावर हक्क सांगते. ती छाती मातीत दाबते, पायांनी माती मागे उकरते, मग पंख झटक्याने हलवून ती माती पाठीवर उधळते. अंगावरची पिसे फुगवून उभी केलेली असतात, जेणेकरून धूळ कातडीपर्यंत जावी. डोळे अर्धवट मिटलेले असतात. मध्येच शेजारीण फार जवळ आली तर धूळ तशीच अंगावर ठेवून चोच उघडून एक दटावणी, आणि पुन्हा अंघोळ चालू. ऊन पक्ष्याच्या मागून येत असेल तर उडालेली धूळ उजळून निघते आणि एरवी टाळायचे ते कडक ऊन कामी येते. त्यासाठी पोटावर झोपावे लागते, कपडे खराब होतात आणि जाणारे-येणारे थबकून पाहतात. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर लेन्स आणल्याशिवाय चिमणीला चिमणीचे माप मिळत नाही. उभे राहून वरून काढलेल्या चित्रात ती जमिनीवर पडलेली वस्तू वाटते.

दाणा खातानाचे छायाचित्रही असेच जवळून पाहण्यासारखे. चिमणी दाणा चोचीच्या कडेला धरते, जिभेने तो फिरवत राहते आणि टरफल चोचीच्या बाजूने गळून पडते. ही करामत जमते कारण तिच्या जिभेत बी दाबून धरायला मदत करणारे एक जास्तीचे लहानसे हाड असते. एकामागून एक झरझर चित्रे घेतली तर दाणा फिरण्याचे टप्पे एकेक करून दिसतात, आणि एखाद्या चौकटीत अर्धे सुटलेले टरफल हवेत सापडते.

आता ज्या मुद्द्यावर माझे अनेक छायाचित्रकार मित्रांशी जमत नाही, तो मुद्दा. पक्ष्यांच्या स्पर्धांतून आणि नियतकालिकांतून जी चित्रे गौरवली जातात, त्यांत पार्श्वभूमी एकरंगी, धूसर, हिरवट असते. पक्षी एका सुरेख फांदीवर बसलेला असतो आणि माणसाची कोणतीही खूण चौकटीत नसते. वाघाच्या किंवा धनेशाच्या बाबतीत हा संकेत समजू शकतो. घरचिमणीच्या बाबतीत मात्र तो खोटेपणाकडे झुकतो. हजारो वर्षे हा पक्षी माणसाच्या शेताशी, कोठाराशी आणि छपराशी बांधलेला आहे. माणसाने सोडून दिलेल्या वस्तीतून तोही काही काळाने नाहीसा होतो. तिची फांदी म्हणजे दूरदर्शनची तार, तिची ढोली म्हणजे दिव्याच्या खांबाचे छिद्र, आणि तिचे मैदान म्हणजे फलाट. ही पार्श्वभूमी वगळायची म्हणजे माशाचे चित्र काढताना पाणी पुसून टाकण्यासारखे होईल, आणि तरीही लोक कॅमेरा इकडेतिकडे सरकवून नेमके तेच करतात. मी पाटीचे अक्षर, गंजलेला खिळा, भिंतीचा उडालेला गिलावा चौकटीत राहू देतो. त्यासाठी कित्येकदा लांब लेन्स काढून ठेवतो आणि लहान लेन्सने, पक्षी चित्रात बोटभर आला तरी चालेल अशा बेताने काम करतो.

अशी चित्रे निव्वळ हौसेची नसतात. चिमण्या माणसाच्या वस्तूंचे काय करतात, याच्या नोंदी विज्ञानालाही उपयोगी पडल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये एका बसस्थानकावर चिमण्यांनी आपोआप उघडणाऱ्या दाराच्या संवेदकासमोर फडफडून दार उघडायची युक्ती शोधली, हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. मेक्सिको सिटीतल्या अभ्यासात असे आढळले की घरचिमण्या घरट्यात सिगारेटच्या थोटकांतले तंतू वापरतात, आणि ज्या घरट्यात हे तंतू अधिक तेथे परजीवी कीटक कमी. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका कोळशाच्या खाणीत जमिनीखाली ६४० मीटरवर चिमण्यांनी पिल्ले वाढवल्याची नोंद आहे. खाणकामगार त्यांना खाऊ घालत. या तिन्ही गोष्टी धूसर हिरव्या पार्श्वभूमीवर टिपता आल्या नसत्या.

चिमणी माणसाला किती जवळ येऊ देते, हे मात्र जागोजागी वेगळे असते आणि ते मोजायला प्रवासाइतके चांगले साधन नाही. जेथे लोक तिला खायला घालतात, तेथे ती ताटाच्या काठावर येऊन बसते. जेथे तिला पकडतात किंवा दगड मारतात, तेथे त्याच जातीची चिमणी कॅमेरा उचलण्याच्या आधीच कुंपणात गडप होते. म्हणून नव्या जागी पोहोचल्यावर मी पहिली काही मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवतो. एकाच जागी बसून, थेट त्यांच्याकडे न पाहता, थव्याचे येणे-जाणे ध्यानात घेतो. ते बहुधा ठरलेल्या वाटेने होते: झुडपातून कुंपणावर, कुंपणावरून जमिनीवर, धोका वाटला की पुन्हा झुडपात. घरट्याच्या छिद्राशेजारी बसून एकसुरी चिवचिव करणारा नर दिसला तर काम सोपे झाले म्हणायचे. तो बहुधा जोडीदाराच्या प्रतीक्षेत असलेला नर असतो, घरट्याची जागा त्याने धरून ठेवलेली असते आणि उडवून लावला तरी थोड्या वेळात तेथेच परत येतो. पण तो घरट्यात काडी नेऊ लागला किंवा मादी चोचीत अळी घेऊन घुटमळू लागली की तेथून निघावे. पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे-अळ्याच लागतात, आणि आपण समोर ठाण मांडल्यामुळे आई बाहेर अडकून राहिली तर एकेक खेप वाया जाते. फ्लॅश आणि मोबाइलवरून वाजवलेला आवाज, दोन्ही मला या पक्ष्यासाठी निव्वळ आळस वाटतात.

माणसांबाबतचे पथ्य याहून कडक. जंगलात लांब लेन्स कोणाकडेही रोखली तरी कोणाला फरक पडत नाही. चिमणी मात्र एखाद्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, एखादीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत बसलेली असते आणि आपली लेन्स तिच्यावर आहे हे आपल्यालाच ठाऊक असते. खिडकीतल्या माणसाला दिसते ते इतकेच की कोणी परका आपल्या घराकडे भलीमोठी लेन्स रोखून उभा आहे. अशा वेळी आधी जाऊन विचारावे. भाषा येत नसेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावरची चिमणी दाखवावी. बहुतेक ठिकाणी लोक हसतात, आणि त्यानंतर छपराच्या कोणत्या कोपऱ्यात घरटे आहे, ते कधीपासून आहे, ही माहिती खुणांनी का होईना पण मिळते. काही विमानतळ, सीमेजवळची ठाणी, काही देशांतली रेल्वे स्थानके येथे छायाचित्रणाला बंदी असते. तेथे चिमणीचे निमित्त कोणी ऐकून घेत नाही आणि घ्यावे अशी अपेक्षाही करू नये.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया खंडांत चिमणी पाहताना माझी नजर थोडी बदलते, कारण तेथे ती स्वतःच आणलेली प्रवासी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८५१-५२ च्या सुमारास इंग्लंडहून आणलेल्या घरचिमण्या सोडण्यात आल्या आणि काही दशकांत त्या खंडभर पसरल्या. सेंट लुईस शहरात १८७० मध्ये ट्री स्पॅरो सोडल्या. त्या मात्र आजही मुख्यतः त्याच परिसरात रेंगाळलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या शहरांत घरचिमणी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ती स्थिरावू नये म्हणून जहाजांतून येणाऱ्या पक्ष्यांवर नजर ठेवली जाते आणि त्यांना हटवले जाते, त्यामुळे पर्थमध्ये उपाहारगृहाच्या टेबलाखाली चिमणी नसणे हीच नोंद करण्यासारखी गोष्ट ठरते. चिमण्यांना जहाजाचे वावडे नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप वर्दे बेटांवरची इयागो स्पॅरो, जिचे नमुने डार्विनने १८३२ मध्ये गोळा केले होते, तिच्यापैकी काही पक्षी २०१३ साली जहाजावर बसून थेट नेदरलँड्सच्या बंदरात पोहोचले.

नव्या भूमीवर पोहोचल्यावर चिमणी तशीच राहिली नाही. अमेरिकेतल्या रॉड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे फेब्रुवारी १८९८ मध्ये मोठे वादळ झाले. त्यात गारठलेल्या १३६ चिमण्या हर्मन बम्पस या प्राणिशास्त्रज्ञाकडे आल्या. ७२ वाचल्या, ६४ मेल्या. त्याने प्रत्येकीची लांबी, वजन, हाडे मोजली आणि वाचलेल्या व मेलेल्या पक्ष्यांच्या मापांत फरक असल्याचे दाखवले. निसर्गनिवडीचे हे उदाहरण आजही शिकवले जाते. पुढे १९६४ मध्ये जॉन्स्टन आणि सेलँडर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अमेरिकेतल्या चिमण्यांत साधारण शतकभरातच प्रादेशिक भेद तयार झाले आहेत: थंड उत्तरेकडच्या आकाराने मोठ्या, नैर्ऋत्येच्या वाळवंटातल्या फिकट, प्रशांत महासागराच्या दमट वायव्य किनाऱ्यावरच्या गडद. हा फरक छायाचित्रांतून दाखवायचा असेल तर एक शिस्त पाळावी लागते. सारख्याच ढगाळ उजेडात, सारखाच रंगसमतोल ठेवून चित्रे काढावी लागतात, नाहीतर सकाळच्या पिवळ्या उन्हातली वाळवंटी चिमणी किनाऱ्यावरच्या चिमणीइतकीच तांबूस दिसते. मी प्रत्येक जागी निदान एक चित्र तरी सावलीत, रंग जुळवण्यासाठी राखाडी कार्डाचे चित्र सोबत घेऊन काढतो. ही चित्रे दिसायला कंटाळवाणी असतात आणि कोणाला दाखवायची नसतात.

मादीचे चित्र काढण्याविषयी एक शब्द. बहुतेकांच्या संग्रहात नर भरपूर आणि माद्या अपवादाने असतात, कारण नर ओळखायला सोपा आणि दिसायला ठसठशीत. परंतु घरचिमणीच्या मादीच्या डोळ्यामागची फिकट भुवई, पाठीवरच्या पिवळट आणि काळसर रेघा, पंखांवरची अंधुक पांढरी पट्टी यांत जे बारकावे आहेत ते कॅमेऱ्याच्या संयमाला आव्हान देणारे आहेत. घरचिमणी, स्पॅनिश आणि इटालियन या तिघींच्या माद्या एकमेकींपासून ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. म्हणून जेथे या जाती शेजारीशेजारी राहतात, तेथे मादीचे चित्र नराच्या सोबतीने काढावे. एकटीचे काढले तर घरी आल्यावर ते नावाविना पडून राहते.

एवढे सगळे माणसाळलेल्या चिमणीविषयी लिहून झाल्यावर एका अपवादाचा उल्लेख करायलाच हवा, कारण माझ्या वरच्या सगळ्या मांडणीला तोच छेद देतो. घरचिमणीची बॅक्ट्रियानस नावाची उपजात मध्य आशियात वीण करते आणि ती माणसावर अवलंबून नाही. ती वस्तीपासून दूर, गवताळ आणि पाणथळ प्रदेशात, झाडांवर आणि कड्यांच्या भेगांत वसाहती करून घरटी घालते, रानगवताच्या बिया खाते, आणि थंडी पडू लागली की स्थलांतर करून भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात उतरते. शेती सुरू होण्याआधी घरचिमणीचे पूर्वज कसे जगत असतील, याची कल्पना करायला हाच जिवंत नमुना जवळचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या रानटी उपजातीची माणसाजवळ राहणाऱ्या चिमण्यांशी तुलना केली गेली, तेव्हा कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय पदार्थ पचवण्याशी संबंधित जनुकांच्या भागांत निसर्गनिवडीच्या खुणा सापडल्या. माणसाने पिकवलेला टणक दाणा चिमणीच्या शरीरात असा उतरला आहे.

बॅक्ट्रियानसचे छायाचित्र काढायचे तर भिंतीचा आग्रह अर्थातच सोडावा लागतो. हिवाळ्यात राजस्थान-पंजाबच्या कापणी झालेल्या शेतांवर चिमण्यांचे जे प्रचंड थवे उतरतात, त्यांत या स्थलांतरित घरचिमण्या असतात आणि कुशीवर काळ्या रेघा असलेल्या स्पॅनिश स्पॅरोही असतात. तेथे स्थानिक घरचिमणीही असतेच. स्पॅनिश नर वेगळा काढता येतो. पण एकट्या घरचिमणीचा स्वच्छ, जवळचा चेहरा हाती असला तरी ती गावातली की मध्य आशियातून आलेली, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून अशा शेतात मी आधी रुंद लेन्सने संपूर्ण थवा, शेत आणि गावापासूनचे अंतर एका चित्रात घेतो. मग नोंदवहीत तारीख, जागा आणि थवा शेतावरून उठल्यावर गावाकडे गेला की दूरच्या झाडोऱ्याकडे, हे लिहितो, आणि त्यानंतरच लांब लेन्स लावून एकेका पक्ष्याकडे वळतो.